व्हिडिओ बघून काम कळतं, येतं केव्हा?

टेबलावर मांडलेल्या बशा-पेले जागचे हलू न देता खालचं कापड एका झटक्यात ओढून काढायची करामत बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेली असते. शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्दास आणि एड ओब्रायन या संशोधकांनी तिचाच व्हिडिओ लोकांना दाखवला. काहींना एकदा, काहींना वीस वेळा. मग विचारलं, तुम्हाला हे कितपत जमेल? वीस वेळा पाहिलेल्यांना स्वतःबद्दल बरीच जास्त खात्री होती. तेवढाच वेळ कृती नुसती वाचणाऱ्यांची किंवा तिचा विचार करत बसणाऱ्यांची खात्री तशी वाढली नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुढे लोकांना डार्ट फेकायला लावले, मूनवॉक (पुढे चालल्याचा भास देत मागे सरकण्याची नाचातली चाल) करायला लावलं. पुष्कळदा पाहिलेल्यांनी स्वतःबद्दल वरचा अंदाज बांधला होता. प्रत्यक्षात मात्र एकदाच पाहिलेल्यांपेक्षा त्यांना काही जास्त जमलं नाही.

याच अभ्यासातला एक छोटा प्रयोग मला सगळ्यात बोलका वाटतो. जगलिंगचा, म्हणजे बाटलीच्या आकाराचे पिन हवेत उडवून झेलण्याचा, व्हिडिओ दाखवून झाल्यावर काहींच्या हातात ते पिन दिले. फेकायचे नाहीत, फक्त क्षणभर धरायचे. तेवढ्यानेही फुगलेली खात्री खाली आली. पिनचं वजन किती, तो हातात कसा कलतो, हे व्हिडिओने सांगितलेलंच नव्हतं.

विणकाम, शिवण, सुतारकाम, नळदुरुस्ती, रंगकाम हे सगळं आज कुणालाही व्हिडिओवर पाहता येतं. जी कामं बघायला मिळण्यासाठीसुद्धा पूर्वी कुणाच्या तरी हाताखाली राहावं लागायचं, ती आता मागे-पुढे करून, हळू करून, हवी तितक्यांदा बघता येतात. मी या सोयीच्या पूर्ण बाजूने आहे. म्हणूनच तिचा उपयोग नेमका कुठपर्यंत होतो आणि कुठे थांबतो, हे नीट समजून घ्यावंसं वाटतं.

डोळ्याला मिळतं ते

व्हिडिओतून डोळ्याला मिळतं ते थोडंथोडकं नाही. कुठल्या पायरीनंतर कुठली पायरी, बोटं कुठे, हत्यार कुठल्या कोनात, अर्धवट अवस्थेत वस्तू कशी दिसते, हे छापील आकृतीवरून समजून घेणं फार जड जातं. खरं तर एखादं यंत्र कसं चालतं हे समजावताना हलत्या चित्रांचा उपयोग स्थिर चित्रांपेक्षा पुष्कळदा जास्त होत नाही. दाखवलेलं लगेच नाहीसं होतं आणि ते डोक्यात धरून ठेवण्यातच शक्ती जाते. हाताच्या कामात मात्र तसं नाही. २००९ सालच्या एका अभ्यासात कागदाच्या घड्या घालायला शिकणाऱ्यांना स्थिर चित्रांपेक्षा हलती चित्रं जास्त उपयोगी पडली. माणसाच्या हाताची हालचाल ओळखायला आपला मेंदू मुळातच सरावलेला असतो, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

कॅमेरा कुठे ठेवलाय यानेही फरक पडतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्किट जोडायला शिकवताना करणाऱ्याच्या नजरेतून घेतलेला व्हिडिओ समोरून घेतलेल्यापेक्षा सरस ठरला. समोरून बघताना डावं-उजवं मनातल्या मनात फिरवत बसावं लागतं. म्हणून निवड करायची असेल, तर करणाऱ्याच्या खांद्यावरून हात दिसतील असा व्हिडिओ घ्यावा. आणखी एक बारकावा: मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रण काही वेळा आरशातल्यासारखं उलटं साठवलं जातं. मागच्या डब्यावरची अक्षरं उलटी दिसत असतील, तर आटे फिरवायची दिशाही उलटीच दिसते आहे हे ओळखावं.

हाताला लागणारी माहिती मात्र पडद्यावरून येत नाही. लाकडाच्या रेषांच्या दिशेने रंधा फिरला की लांब, सलग ढलपी निघते आणि आवाज एकसारखा येतो. उलट्या दिशेने फिरला की तो अडखळतो, लाकूड उचकटतं. हा अडखळण्याचा धक्का कारागीर तळहाताने ओळखतो आणि लगेच लाकूड फिरवून घेतो. व्हिडिओत आपल्याला फक्त लाकूड फिरवलेलं दिसतं, का फिरवलं ते नाही. बेसिनखालच्या नळीची प्लास्टिकची चाकी हाताने आवळून वर किंचित फिरवली की पुरते, जास्त आवळली तर तडकते. पितळेच्या चाकीला पाना लागतो. व्हिडिओतला माणूस दोन्ही वेळा ‘घट्ट करा’ एवढंच म्हणतो. त्याची चूक नाही. किती घट्ट हे त्याच्या मनगटाला माहीत आहे, तोंडाला सांगता येत नाही.

विणकामात हा न दिसणारा भाग मोजताही येतो. समजा, नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके धरलेत आणि स्वेटरच्या घेराला २२० टाके घालायला सांगितलेत. घेर होईल १०० सेंटिमीटर. तुमचा हात जरा सैल असेल आणि त्याच लोकरीत, त्याच सुयांवर तुमचे १० सेंटिमीटरला २० टाके बसत असतील, तर तेच २२० टाके ११० सेंटिमीटर होतील. टाका न् टाका व्हिडिओप्रमाणे घातलेला आणि स्वेटर मात्र दुसऱ्याच मापाचा. म्हणून अनुभवी विणणाऱ्या बायका आधी लहानसा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजतात. शिकवणाऱ्या व्हिडिओत हा भाग भुर्रकन उरकलेला असतो आणि शिकणारे तोच पुढे ढकलतात.

गळणारा नळ

दुरुस्तीचं काम कलाकुसरीपेक्षा आणखी एका बाबतीत वेगळं आहे. कलाकुसरीत काय करायचं ते ठरलेलं असतं. दुरुस्तीत आधी काय बिघडलंय हे शोधावं लागतं आणि खरं कौशल्य तिथेच असतं. व्हिडिओ बहुतेक वेळा त्या टप्प्याच्या पुढून सुरू होतो: वॉशर कसा बदलायचा ते तो दाखवतो. वॉशरच बदलायला हवा हे कुणी ठरवलं?

नळ गळतोय म्हणजे पाणी नेमकं कुठून येतंय? बंद केल्यावरही तोंडातून थेंब पडत असेल, तर आतलं पाणी अडवणारा भाग नीट बसत नाहीये. चालू असताना चावीच्या बुडाशी, दांड्याजवळून पाणी झिरपत असेल, तर दोष दांड्याभोवतीच्या रबरी कड्यात किंवा पॅकिंगमध्ये आहे. तिथे वॉशर बदलून काहीच होणार नाही. आता तोंडातूनच थेंब पडतोय असं धरू. चावी बंद करायला दोन-तीन फेरे लागत असतील, तर आत रबरी वॉशर आहे आणि तो धातूच्या कडेवर दाबला जाऊन पाणी थांबतं. पाव फेऱ्यात बंद होणारा नळ असेल, तर बहुधा आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात आणि त्यांचं अख्खं कार्ट्रिजच बदलायचं असतं. ही कार्ट्रिजही दिसायला सारखी असून उंचीला, दात्यांच्या संख्येत वेगळी असतात. काही उजवीकडे फिरवून बंद होतात, काही डावीकडे. जुनं काढून सोबत नेलेलं बरं.

वॉशरचा नळ निघाला, वॉशर बदलला, तरी थेंब थांबला नाही तर? तेव्हा तो ज्या धातूच्या कडेवर बसतो तिच्यावर बोट फिरवून बघायचं. खरखरीत लागली, खड्डे लागले, तर नवा वॉशरही थोड्याच दिवसांत कापला जाणार. ती कड घासून सपाट करावी लागते किंवा नळ बदलावा लागतो. व्हिडिओ नवा वॉशर बसल्यावर संपलेला असतो, कारण ज्याच्या नळाचं चित्रण झालं त्याची कड चांगली होती.

म्हणून दुरुस्तीचा व्हिडिओ लावण्याआधी एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. ती वस्तू कशी चालते हे मोठ्याने, पायरीपायरीने स्वतःला सांगायचं. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना कपड्याची चेन (झिप), फ्लशची टाकी, कुलूप, शिलाई मशीन अशा वस्तू आपल्याला किती समजतात याचे गुण स्वतःला द्यायला सांगितले. मग त्यातल्या काहींचं काम सविस्तर समजावून लिहायला लावलं आणि पुन्हा गुण मागितले. गुण घसरले. रोज हाताळतो म्हणून कळतं असं वाटत होतं, सांगायला गेल्यावर मधले दुवे सापडेनात. फ्लशची टाकी भरल्यावर पाणी आपोआप कसं थांबतं, हे सांगताना तुम्ही जिथे अडाल, नेमका तोच भाग व्हिडिओत शोधायचा. शोध फार लवकर लागतो.

कापून टाकलेला वेळ

व्हिडिओच्या संकलनात पहिली कात्री लागते ती थांबण्यावर. लाकडाचा पांढरा गोंद लावून शिकंज्यात अर्धा-एक तास धरला की जोड सुटत नाही, पण पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास लागतात. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सीही (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) पाच मिनिटांत पक्कं होत नसतं. सिलिकॉन सीलंटवर काही मिनिटांत साय धरते, बोटाला कोरडं लागतं, पण आतून ते दिवसाला दोन-तीन मिलिमीटर एवढंच पक्कं होत जातं. पडद्यावर मात्र फट भरली, पुढच्या दृश्यात पाणी सोडलं. या घाईत केलेलं काम फसतं आणि शिकणारा आपल्या हाताला दोष देतो. हात बरोबर होता, वेळ चुकला होता. डब्यावरच्या बारीक अक्षरांतल्या वेळा व्हिडिओपेक्षा खऱ्या मानाव्यात.

कापल्या जाणाऱ्या भागात धोकेही असतात आणि त्यातला एक फारच थोड्यांना माहीत असतो. लाकडाला जवसाचं तेल लावायचे सुंदर व्हिडिओ आहेत: चिंधी फिरते, लाकडाचा रंग खुलतो, काम संपतं. त्या चिंधीचं पुढे काय होतं हे दाखवत नाहीत. जवसाचं तेल वाळतं ते हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन, आणि त्यात उष्णता निर्माण होते. चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता बाहेर पडत नाही, वाढत जाते, आणि ठिणगीशिवाय चिंधी पेट घेऊ शकते. अशा आगी खरोखर लागतात. चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून पूर्ण वाळू द्याव्यात किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.

दुसऱ्या देशातला व्हिडिओ

व्हिडिओ कुठला आहे हे बघायची सवय लावून घ्यावी. क्रोशाच्या अमेरिकी पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्याच टाक्याला ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. इथे चूक झाली तर रुमाल लहान-मोठा होईल, उसवता येईल. नळकामात अर्धा इंची आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर भरतो, कारण ते नाव आहे, माप नव्हे. त्यातही ब्रिटिश आणि अमेरिकी आटे वेगळे. दोन्हींत इंचाला १४ आटे, पण एकाचा कोन ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६० अंशांचा. एकमेकांत सुरुवातीला बसल्यासारखे वाटतात आणि मग गळतात.

विजेच्या तारांत हाच घोळ जिवावर बेततो. अमेरिकेत काळी तार म्हणजे वीज वाहणारी. ब्रिटनमधल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी तार म्हणजे न्यूट्रल, वीज परत नेणारी. तिथे २००४ पासून नवे रंग आले, तपकिरी आणि निळा, आणि अनेक घरांत जुनं-नवं दोन्ही आहे. व्हिडिओतला माणूस सहज म्हणतो, ‘काळी इथे लावा.’ तुमच्या भिंतीतली काळी तार कोणती आहे, हे त्याला माहीत नाही.

बघायचं कसं

पहिल्यांदा हात न लावता पूर्ण बघावा. मग बंद करून पायऱ्या आठवणीने कागदावर लिहाव्यात. जिथे अडता तिथे परत जावं. यूट्यूबवर संगणकाच्या कीबोर्डने व्हिडिओ थांबवून पूर्णविराम आणि स्वल्पविरामाची बटणं दाबली की चित्र एकेक चौकटीने पुढे-मागे सरकतं. गाठ मारताना बोट दोऱ्याच्या वरून गेलं की खालून, हे असंच कळतं. त्याच कामाचे तीन वेगवेगळ्या माणसांचे व्हिडिओ बघावेत. तिघंही जे करतात ते बहुधा कामाला आवश्यक असतं, आणि जिथे ते वेगळं करतात तिथे थांबून का, असा विचार करावा. त्या ‘का’मधून हस्तकलेची समज वाढते, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर लगेच टाकाऊ तुकड्यावर. चांगलं कापड, चांगलं लाकूड, घरातला एकुलता एक नळ यांच्यावर पहिला हात चालवू नये. आणि सगळ्यात कमी लोक करतात ते: आपल्या हातांचं चित्रण करावं, व्हिडिओतल्यासारख्याच कोनातून. ते दोन्ही शेजारी लावून बघितलं की आपलं मनगट कुठे वळतंय, करवत कुठे तिरकी जातेय, हे लख्ख दिसतं. काम करताना आपल्याला स्वतःचे हात दिसत असूनही ते कळत नाही, कारण लक्ष वस्तूवर असतं.

कुठला व्हिडिओ भरवशाचा, हे ओळखणं अवघड झालं आहे. नोव्हेंबर २०२१ पासून यूट्यूबवर नापसंतीचे आकडे सगळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा ती एक झटपट खूणही गेली. माझ्या मते चांगल्या व्हिडिओची खूण एकच: त्यात काही बिघडतं आणि ते कसं सावरायचं हे दाखवलेलं असतं. बेसिनच्या तुटलेल्या कडेत शेवया भरून त्यावर झटपट गोंद ओतायचे व्हिडिओ पाहताना मजा येते, त्यांचा हेतूच तेवढा असतो. शिकायला आलेल्या माणसाने ते बाजूला ठेवावेत.

काय शिकावं, काय नाही

कुठलं काम व्हिडिओवरून शिकण्यासारखं आहे, याचा निर्णय अवघड-सोपं यावर करू नये. चूक झाली तर ती मला कधी आणि कशी कळेल, हा प्रश्न विचारावा. शिवण चुकली तर कापडाला चुण्या पडतात, त्या तिथल्या तिथे दिसतात. उसवा, पुन्हा घाला. दहा चुकांत हात बसतो, कारण प्रत्येक चुकीला कापड उत्तर देतं. नळाची चूक काही तासांत ओलीने कळते, आणि मुख्य चावी बंद करता येत असेल तर नुकसान आवरतं.

विजेच्या जोडाची चूक अशी बोलत नाही. स्क्रू नीट न आवळलेला तारेचा जोड त्या दिवशी दिवा व्यवस्थित लावतो. तो जोड तापत राहतो, सैल होत जातो, आणि बिघाड दिसतो तेव्हा तो भिंतीच्या आत असतो. ‘दिवा लागला’ हे काम बरोबर झाल्याचं चिन्ह नव्हतंच. गॅसच्या नळीचंही तसंच. मायक्रोवेव्हच्या आतला संधारक (कपॅसिटर, वीज साठवणारा भाग) तर प्लग काढल्यावरही विजेचा भार धरून ठेवू शकतो, आणि तिथला विजेचा दाब सुमारे २००० व्होल्टचा असतो. त्याच मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेने झाडासारखी नक्षी जाळायचे व्हिडिओ फार पाहिले जातात. नक्षी देखणी असते. त्या नादात तीसहून अधिक माणसं मेली आहेत, आणि लाकूड कातणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेने हा प्रकार आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केला आहे. इथे पहिली चूकच शेवटची असते, शिकायला दुसरी संधी मिळत नाही. अशी कामं व्हिडिओवरून शिकू नयेत, ती कितीही सोपी दिसोत.

मधलीही एक जागा आहे: ज्यात जिवाला धोका नाही, पण चूक उशिरा कळते. फरशीखाली पाणी अडवायचा थर, बाहेरच्या भिंतीचं रंगकाम, खुर्चीच्या पायांचे जोड. इथे व्हिडिओवरून शिकायला हरकत नाही, मात्र झाकण्याआधी एकदा जाणत्या माणसाची नजर फिरवून घ्यावी. त्याला काम करायला सांगायचं नाही, फक्त बघायला बोलवायचं, आणि विचारायचं: हे बरोबर झालंय हे तुम्ही कशावरून ठरवता? तो नखाने खरवडून बघेल, टिचकी मारून आवाज ऐकेल, खुर्ची एका पायावर तोलून हलवेल. ते ज्या क्रमाने तो करतो, ते लिहून ठेवा.